खवणीची चौकशी

हरिप्रसाद गुरुजींनी नारळ खवायचं यंत्र बनवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी आयुष्यात एकही नारळ खवला नव्हता. ही अडचण आहे असं त्यांना वाटलं नाही. सरकारी प्राथमिक शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना उत्तर ध्रुव शिकवला होता आणि तिथेही ते कधी गेले नव्हते.

यंत्राचं बी पडलं ते चंद्रावतीबाईंच्या एका वाक्यामुळे. आदल्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला मोदकांचं खोबरं खवता खवता त्या म्हणाल्या, "कंबर गेली हो माझी." एरवी बायकोचं बोलणं गुरुजी शाळेच्या घंटेसारखं ऐकत, म्हणजे कानावर पडलं की जागेवरून उठत, आशयाकडे लक्ष देत नसत. पण हे वाक्य त्यांच्या मनात राहिलं. पुढे चौऱ्याऐंशी साली ते निवृत्त झाले, आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावच्या पावसात घरात बसून खिडकीबाहेर बघू लागले, आणि त्या वाक्याला अंकुर फुटला.

"मी तुझ्यासाठी यंत्र करतो," ते म्हणाले.

"त्यापेक्षा गळका नळ करा," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

नळ कुणीही दुरुस्त करील, यंत्र मात्र बुद्धीचं काम आहे, असं गुरुजींनी त्यांना समजावलं. नळ गळतच राहिला.

त्या रविवारी भाची आली. निर्मला प्लेन मान्येनला स्वेटरच्या फॅक्टरीत कामाला होती. हाताखाली पोरी होत्या, तोंडात निम्मी बेटावरची क्रेओल बोली होती, आणि मामाशी बोलताना मराठी शब्द शोधायला ती छताकडे बघायची.

"मामा, कुणाला विचारलंत का पण?"

"काय विचारायचं? बनवणार मी."

"अयो मामा, तसं नसतं! आमच्या फॅक्टरीत फ्रान्सहून एक मादाम येते. ती म्हणते, आधी वापरणाऱ्याच्या घरी जायचं. त्याला काय पाहिजे ते शोधायचं. मग नमुना करायचा, तो वापरायला द्यायचा, मग खरा माल. पण नुसतं विचारून भागत नाही हं, मामा, ती मादाम तर म्हणते की..."

मादाम पुढे काय म्हणते ते गुरुजींनी ऐकलं नाही. 'विचारायचं' हा शब्द कानावर पडताच ते कागद आणायला आत गेले होते. प्रश्न विचारणं हाच तर त्यांचा जन्माचा धंदा!

त्यांनी सुवाच्य अक्षरात प्रश्नपत्रिका काढली. पहिला प्रश्न होता, 'नारळ खवताना फार कष्ट होतात, हे खरे आहे ना?' दुसरा, 'हे कष्ट यंत्राने दूर होतील. कसे ते थोडक्यात सांगा.' तिसरा प्रश्न मोकळा ठेवला होता, 'यंत्राविषयी तुमचे विचार,' आणि त्याखाली, सवयीने, 'नीटनेटकेपणाला महत्त्व द्यावे.'

पहिलं घर कुंतीचं. कुंती गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. आता तिची मुलगी लग्नाची झाली होती, तरी गुरुजी दारात दिसताच ती हात पुसत सरळ उभी राहिली ती बसेचना. गुरुजींनी पहिला प्रश्न वाचला.

कुंतीने खालचा ओठ चावला. "गुरुजी, बरोबर उत्तर काय?"

"यात बरोबर-चूक नसतं, कुंती. तुला वाटेल ते सांग."

"असं कसं, गुरुजी? तुम्ही विचारताय म्हणजे असणारच." आणि तिने खिडकीतून कुंपणापलीकडे हाक मारली, "भगवती! अगो, नारळ खवताना कष्ट होतात का गो?"

"कोण विचारतंय?" पलीकडून आवाज आला.

"गुरुजी!"

"मग हो म्हण!"

"कुंती, इकडे बघ," गुरुजी म्हणाले. वर्गातला आवाज आपोआप निघाला होता. कुंती दचकून समोर बघू लागली आणि म्हणाली, "हो गुरुजी, फार कष्ट होतात. यंत्र आलं की दूर होतील. कोरेक!"

आमच्या बेटावर 'कोरेक' म्हटलं की सगळं ठीक. तब्येत कोरेक, हवा कोरेक, मुलीला बघायला आलेला मुलगा कोरेक. गुरुजींनी कागदावर 'अनुकूल' असं लिहिलं. मग चहा आला, चहाबरोबर गरमागरम गातो पिमाँ, डाळीचे तिखट वडे. ते खाताना त्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या भिंतीकडे गेलं. जमिनीपासून हातभर उंचीवर, पांढऱ्या चुन्यावर, लाल पावलांचे ठसे उमटले होते. एकावर एक, चांगले ठसठशीत.

"मुलांना शिस्त हवी, कुंती," ते सौम्यपणे म्हणाले. "भिंतीवर पाय?"

कुंतीचा चेहरा पावलांसारखाच लाल झाला. "हो गुरुजी," ती पुटपुटली.

भगवतीच्या घरी तेच. हो गुरुजी, कोरेक गुरुजी, चहा, वडे, आणि भिंतीवर लाल पावलं. पुढच्या घरी तेच आणि त्याच्या पुढच्या घरीही. सगळ्या गल्लीतली मुलं बिघडली आहेत याचं गुरुजींना मनापासून वाईट वाटलं. निवृत्तीनंतरही ते आळीतल्या मुलांचा संध्याकाळी मराठी वर्ग घेत; तिथे त्यांनी मुलांना 'भिंत ही घराची शोभा' या विषयावर चार शब्द सांगितले. "समजलं का?" मुलं एका सुरात म्हणाली, "हो गुरुजी!" त्या निरागस चेहऱ्यांवर अपराधाची पुसटशीही खूण नव्हती. गुरुजी चकित झाले.

साऱ्या चौकशीत एकच खरीखुरी मागणी पुढे आली, आणि ती भगवतीची होती. निरोप देताना ती चाचरत म्हणाली, "गुरुजी, यंत्राचे पाय तेवढे गुळगुळीत करा हं. चतुर्थीला जमीन चमकावतो आम्ही. ओरखडे पडता कामा नयेत." गुरुजींनी हे अधोरेखित केलं. ग्राहकाचा शब्द!

इथे जमिनीविषयी थोडं सांगायला हवं. आजोबांच्या काळी घरं मातीची, जमीन सारवलेली. वादळांनी ती घरं नेली आणि मागे सिमेंटची घरं उभी राहिली. सिमेंटच्या जमिनीला लाल पॉलिश लावायचं, मग नारळाचं अर्धं सोडण पायाखाली घेऊन, एका पायावर नाचत ती घासायची, इतकी की वाकून बघणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसावा. ज्या घरची जमीन चमकत नाही त्या घरच्या बाईविषयी लोक काय बोलतात ते न सांगितलेलंच बरं.

मग गुरुजींनी विषय गावच्या गणपती मंडळापुढे ठेवला. भजन संपल्यावर पुरुषमंडळी बसली होती. यांच्यापैकी कुणी नारळ खवला नसल्यामुळे प्रत्येकाला त्याविषयी ठाम मत होतं. अध्यक्ष तुलसीराम एका कचेरीत हेडक्लार्क होते. ते म्हणाले, "यंत्राला रेडिओ ठेवायला जागा पाहिजे. बायकांना काम करताना करमणूक लागते." दुसरा म्हणाला, बाटली उघडायची सोय असली तर घरातल्या सगळ्यांनाच उपयोग. तिसरा म्हणाला, "आणि छत्री अडकवायला आकडा. व्हाकोआत यंत्र कसलंही असो, छत्री ठेवायची कुठे हा प्रश्न येतोच."

गुरुजींनी सगळं टिपून घेतलं आणि त्या उत्साहात बोलून गेले, "यंदा मंडळाच्या मोदकांचं सगळं खोबरं माझं यंत्र खवील. बायकांनी खवण्या घरी ठेवाव्यात."

टाळ्या पडल्या. तुलसीराम म्हणाले, "मग नारळाची पोती यंदा गुरुजींकडेच उतरवू." हे झालं आणि गुरुजींना परतीची वाट उरली नाही. देवाच्या नैवेद्याची गोष्ट होती. वर सगळ्या मंडळासमोर दिलेला शब्द, आणि तोही गुरुजींचा.

तुलसीरामांनीच सल्ला दिला की शोधाची सरकारदरबारी नोंद करावी. म्हणून गुरुजी आराखडा घेऊन एका कचेरीत गेले. खिडकीमागच्या तरुणाने आराखडा उभा धरला, आडवा धरला.

"पेडल आहे."

"आहे."

"साखळी, सीट, चाक. मग ही सायकल. सायकलच्या परवान्याची खिडकी तिकडे."

"ही खवणी आहे!"

"मिस्ये, पेडल मारलं की जी वस्तू पुढे जाते ती सायकल."

"हे यंत्र जागचं हलत नाही!" गुरुजी इतक्या जोराने म्हणाले की रांगेतले लोक वळून बघू लागले.

"तसं लिहून आणा," तरुण म्हणाला.

गुरुजींनी लिहून दिलं. 'सदर यंत्र कोणत्याही परिस्थितीत जागचे हलणार नाही.' खाली सही केली. हे वाक्य पुढे फार दिवस त्यांच्या कानात घुमणार होतं.

यंत्र बनवलं नुव्हेल फ्रांस गावच्या इंद्रदेवने. त्याचं लोखंडकामाचं दुकान होतं आणि कोणतीही कल्पना त्याला अशक्य वाटत नसे, हा त्याचा गुण म्हणावा की दोष, हे गुरुजींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. जुन्या सायकलचं पुढचं चाक काढलं. मागचं ठेवलं, पण जमिनीपासून उचलून, म्हणजे फिरताना जोर टिकावा. पुढे दातेरी लोखंडी गोळा, खाली चार पाय, पायांना गुळगुळीत चकत्या. हँडलवर रेडिओची फळी, छत्रीचा आकडा आणि बाटली उघडायची पट्टी. इंद्रदेवच्या अंगणात, ओल्या मातीत, गुरुजी सीटवर बसले, पेडल मारलं, नारळाची वाटी गोळ्यावर धरली, आणि काय सांगावं! खोबऱ्याचा शुभ्र पाऊस परातीत पडू लागला. यंत्र मातीत रुतून खांबासारखं उभं होतं.

"कोरेक, गुरुजी," इंद्रदेव म्हणाला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुजींच्या स्वयंपाकघरात आणि दारात आळीतल्या बायका जमल्या. सगळ्या येणार म्हणून चंद्रावतीबाईंनी सकाळपासून एका पायावर नाचून जमीन अशी चमकवली होती की यंत्र तिच्यात उलटं दिसत होतं. नारळ फोडून परातीत रचले होते. गुरुजींनी धोतर खोचलं, सीटवर बसले, आणि छोटंसं भाषण केलं. विज्ञान हे माणसाच्या सेवेसाठी आहे वगैरे. मग पेडल मारलं.

पहिल्या फेरीत खोबरं पडलं. बायका 'आ' म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीत परात यंत्रापासून वीतभर दूर गेली आहे असं गुरुजींना वाटलं. तिसऱ्या फेरीत लक्षात आलं की परात जागेवर आहे, दूर जाताहेत ते स्वतः. प्रत्येक पेडलागणिक यंत्र डावीकडे कलत होतं, उजवीकडे कलत होतं, आणि बदकाच्या चालीने सरकत होतं. स्वयंपाकघराची जमीन, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून, मागच्या दाराकडे किंचित उतरती होती. यंत्राला उतार सापडला.

"पेडल थांबवा!" चंद्रावतीबाई ओरडल्या.

गुरुजींनी थांबवलं. यंत्र थांबलं नाही. त्याच्या गुळगुळीत पायांना ओरखडा न काढण्याची सक्त ताकीद होती आणि ते ती पाळत होते. बायकांनी अदबीने वाट करून दिली. छत्रीच्या आकड्यात दाराचा पडदा अडकला तो घेऊन, हातात नारळाची वाटी, चेहऱ्यावर वर्गात इन्स्पेक्टर आल्यावर असतो तसा भाव, अशा थाटात गुरुजी मागच्या दारातून बाहेर पडले, पायरीवरून उतरले आणि शुशूच्या वेलाच्या मांडवात अंतर्धान पावले. मांडवावरची दोनचार हिरवी शुशूफळं टपाटप खाली पडली.

गुरुजींना हसणार कोण? सगळ्यांनी पदर तोंडात कोंबले होते. शेवटी काहीतरी बोललं पाहिजे म्हणून कुंती दारातून धीर देत म्हणाली, "कोरेक, गुरुजी!"

त्या एका शब्दाने पडदे, मांडव आणि अभिमान, सगळंच कोसळलं. आधी चंद्रावतीबाई हसल्या, मग भगवती भिंतीला टेकून खाली बसली, मग गल्ली हसली.

गुरुजींचा घोटा सुजला. त्यांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवलं, पाय मिठाच्या कोमट पाण्याच्या बादलीत. नारळ तसेच पडून होते, संध्याकाळ जवळ येत होती, आणि उद्या सकाळी मंडळाच्या गणपतीपुढे मोदक कसे ठेवायचे, या विचाराने गुरुजी बोटांवर उरलेले तास मोजू लागले. बायकांनी सभा घेतली नाही. त्या आपापल्या घरी गेल्या आणि बगलेत खवणी घेऊन परत आल्या.

प्रश्नपत्रिका चिखलात गेली होती. विचारायला काही नव्हतं आणि विचारणाऱ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. गुरुजी नुसते बघत बसले.

"भिंतीकडची जागा माझी," कुंती म्हणाली.

"तुझी कशी? मी आधी आले."

"अगो, सरक गो जरा. मध्ये बसून मी काय करू, घसरू?"

भिंतीसाठी भांडण? गुरुजींना नवल वाटलं. बायका भिंतीच्या कडेने रांगेत बसल्या, पाटासारख्या लाकडी खवणीवर, पुढे दातेरी पातं. उशिरा आलेल्या भगवतीला भिंत मिळाली नाही. ती मध्ये बसली. तिने वाटीला जोर दिला की खवणी तिला घेऊन मागे सरके. एक जोर, वीतभर मागे. ती पाठीने दुसऱ्या बाईला टेकली तेव्हा थांबली. "टेकू दे गो," ती म्हणाली, "नाहीतर मीपण जाईन शुशूत."

आणि भिंतीजवळच्या? गुरुजी पुढे वाकले. बादलीतलं पाणी सांडलं. भिंतीजवळच्या प्रत्येक बाईने उजवा पाय लांब करून भिंतीला रेटा दिला होता. खवणी घसरू नये म्हणून. कंबर एकीकडे, पाय दुसरीकडे, हात तिसरीकडे. चंद्रावतीबाईंनी पाय उचलून जरा वर टेकवला तेव्हा चुन्यावर लाल पाऊल उमटलं. ओल्या पॉलिशचं. जुन्या ठशांच्या बरोबर वर.

गुरुजी ठशाकडे बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या घरात तर लहान मूलच नव्हतं. इतकी वर्षं हे ठसे शेजारच्या पोरांचे असं ते समजत आले होते. 'कंबर गेली हो माझी.' वाक्य तेच होतं, पण आता त्याला पाय फुटले होते.

ते उठले. लंगडत मांडवात गेले, यंत्राचं मागचं चाक सोडवलं आणि त्यातली रबरी ट्यूब ओढून काढली. कात्रीने पट्ट्या केल्या. हातोडी आणि बारीक चुका घेऊन आत आले.

"जरा ऊठ," ते बायकोला म्हणाले.

"आता काय आणखी? नारळ संपवू द्या हो!"

"ऊठ म्हणतो ना."

त्यांनी खवणी उलटी केली, खाली दोन्ही टोकांना रबराची पट्टी ठोकली आणि सरळ करून ठेवली. एकही प्रश्न विचारला नाही. चंद्रावतीबाई बसल्या. वाटीला जोर दिला. सवयीने पाय भिंतीकडे गेला, अर्ध्या वाटेत थांबला, थोडा वेळ हवेतच राहिला. खवणी हलली नव्हती. मग तो पाय हळूच खाली आला आणि दुसऱ्या पायाशेजारी मांडी घालून बसला.

खोबरं पडत राहिलं.

थोड्या वेळाने कुंतीने आपली खवणी गुरुजींपुढे सरकवली. मग भगवतीने. ट्यूब पुरेल तितक्या खवण्यांना पट्ट्या लागल्या. आणि बायका एकेक करून भिंत सोडून मध्ये आल्या, गोल करून बसल्या. गोल झाल्यावर गप्पांना रंग चढला, आणि त्या गप्पांत मुख्यतः गुरुजी कसे गेले, पडदा कसा गेला, फळं कशी पडली, हेच होतं. गुरुजी चुका ठोकत ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी दुरुस्तीही केली. "वाटी मी सोडली नव्हती," ते म्हणाले. "शेवटपर्यंत हातात होती."

सकाळी मोदक झाले, आरती झाली, गणपती वाजतगाजत नदीवर गेला. 'कोरेक' कुणी म्हणालं नाही. सगळ्यांच्या तोंडात मोदक होते.

पुढच्या रविवारी निर्मला आली. "मामा, विचारलंत ना सगळ्यांना? त्या दिवशी माझं बोलणं अर्धं राहिलं. मादाम म्हणते की नुसतं विचारायचं नाही, तर गुपचूप बसून..."

"बघायचं," गुरुजी म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाय बादलीत होता. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं."

त्या आठवड्यात मराठीच्या वर्गात जोडाक्षरं शिकवून झाल्यावर गुरुजी सवयीने म्हणाले, "समजलं का?" "हो गुरुजी!" वर्ग गरजला. गुरुजींना एकाएकी हसू आलं, आणि ते बाकांमधून हिंडत पाट्यांकडे बघू लागले. बघण्यासारखं पुष्कळ होतं. त्या संध्याकाळी वर्ग उशिरा सुटला.

तरी मनुष्यस्वभाव! एक दिवस त्यांना राहवलं नाही. "अगं, ती खवणी कशी आहे आता?"

"चांगली आहे," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

गुरुजी सावध झाले. चांगली! म्हणजे पुन्हा कोरेकच. यंत्रालाही सगळे कोरेकच म्हणाले होते. "जरा दाखव बघू. मी बघतो."

"कशी दाखवू? घरात आहे कुठे? कुंतीच्या बहिणीने नेली, तिच्याकडून पोस्टामागच्या मादाम वेलूने."

"ही कोण? माझ्या हाताखाली शिकली होती का?"

"छे! तामिळ आहे ती. तुम्ही कोण हेही तिला ठाऊक नाही. मी परत मागितली तर म्हणते उद्या देते. रोजच उद्या म्हणते."

गुरुजींच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की चंद्रावतीबाईंना वाटलं, यांना पुन्हा काहीतरी सुचलं. आणि सुचलंच होतं.

"मागू नकोस हं परत," ते म्हणाले. "इंद्रदेवकडे पुढचं चाक पडलंय. त्यात अजून एक ट्यूब आहे."

बाहेर पावसाची भुरभुर लागली होती. व्हरांड्यात यंत्र भिंतीला टेकून उभं होतं, जागचं न हलता. त्याच्या आकड्यावरची छत्री काढून गुरुजी नुव्हेल फ्रांसच्या बसला निघाले. तेवढी एक सोय मात्र खरोखरच कामाची निघाली होती.

"आणि येताना नळाचा वायसर आणा!" मागून हाक आली.

"त्याच ट्यूबमधून कापतो," गुरुजी म्हणाले, आणि त्या दिवशी संध्याकाळी नळ गळायचा थांबला.